कुंभीकाठच्या भाताच्या रानात रताळी लावली. वर पाला गुडघाभर, खाली नुसत्या दोऱ्या. चुकलं कुठं?

भट्टीवाला

रामराम मंडळी. प्रश्न लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, सतरा वर्षं झाली. गाव गगनबावडा रोडला, कुंभी नदीच्या काठावर. रानाकडं वडील आणि बायको बघतात, मी सुट्टीदिवशी जाऊन शहाणपणा करतो. हा त्यातलाच एक शहाणपणा.

घराच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून आमचा नऊ गुंठ्यांचा तुकडा आहे. आजोबांच्या वेळेपासून तिथं भातच. औंदा माझ्या डोक्यात शिरलं की रताळी लावायची. नवरात्राच्या उपासाला गिऱ्हाईक घरी चालत येतं. बाबा एवढंच म्हणाले, "ते रान पाण्याचं हाय, भाताबिगर कुणाला नांदवत न्हाई." मी ऐकलं नाही. ओढ्याकडच्या तीन गुंठ्यांत घरी खायला भात ठेवला आणि वरच्या सहा गुंठ्यांत रताळी केली.

मृग बरसल्यावर पॉवर टिलर दोनदा फिरवला, वीतभर उंचीच्या सऱ्या सोडल्या. वेल एका ओळखीच्यानं दिला, चांगला अंगठ्याएवढा जाड. मला वाटलं जाड म्हणजे दमदार. महिन्यानं अर्धं पोतं युरिया टाकला. तरणा पाऊस (पुनर्वसू) बेताचा झाला, पण म्हाताऱ्यानं (पुष्य) धुऊन काढलं. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि मी चार दिवस कोल्हापुरातच अडकलो. बायको फोनवर सांगायची, सऱ्यांत पाणी उभं आहे पण वेल हिरवागार आहे. पाणी उतरल्यावर तर वेल माजलाच. गणपतीला आलेले पाहुणे बांधावर उभं राहून "पीक लई जोरात" म्हणून गेले.

घटस्थापनेच्या आधी काढायला घेतलं. पहिल्या कुदळीला दोऱ्या, दुसऱ्या कुदळीला दोऱ्या. पेन्सिलीएवढ्या लांबलचक चिवट मुळ्या. मुलगी आठवीत आहे, ती म्हणाली, "पप्पा, ही रताळी आहेत का वायरिंग?" सहा गुंठ्यांत दीड पाटी माल निघाला. त्यातला अर्धा पोखरलेला, भाजून बघितला तर कडू.

अजून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वीतभर खाली माती निळसर-करडी निघाली, आणि ढेकूळ फोडलं की नासक्या अंड्याचा वास.

वेल खराब होता, खत चुकलं, का जमीनच कंदाची नाही? हळद, सुरण, अळकुड्या ह्यातलं काही तिथं येईल का? ऊस लावा म्हणून कृपा करून सांगू नका. ट्रॅक्टर तिथंपर्यंत पोचत नाही आणि वाटेवरनं भावकीत बोलणं बंद आहे.

उसाशिवाय_गोड_नाही

ऊस लाव भावा. मोळ्या डोक्यावरनं काढ.

भट्टीवाला

वाटच बघत होतो तुमची.

चंदगडी

दादा, "अंगठ्याएवढा जाड वेल" हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. तुम्हाला वेलाचा बुडखा दिलाय. त्यानं त्याच्या रानातला टाकायचा माल तुमच्या गळ्यात मारला.

आमच्याकडं रताळं हे पोट भरणारं पीक आहे, माल बेळगावच्या बाजारात जातो. लावायला फक्त शेंड्याकडचा वेल घेतात, वीत-दीड वीत लांबीचा. तीन-चार पेरं मातीत, शेंडा वर. कापल्यावर एखादा दिवस सावलीत ठेवायचा. बुडखा न घेण्याचं कारण म्हणजे सोंड्या. मुंगीसारखा दिसणारा, निळ्या अंगाचा, तांबड्या गळ्याचा बारीक किडा. त्याची मादी जुन्या जाड वेलात अंडी घालते. म्हणजे तुम्ही वेल लावला त्याच दिवशी कीडही लावली. पुढं माती भेगाळली की तो भेगांतनं खाली कंदावर उतरतो. म्हणून महिन्याच्या आसपास भांगलण करून वरंब्याला भर लावायची, कंद उघडा पडू द्यायचा नाही.

कडू लागलं ते ह्याच किडीमुळं. कीड लागली की रताळं स्वतःच्या अंगात कडू द्रव्य तयार करतं. ही किडकी-बुरशी आलेली रताळी म्हशीला घालू नका. लोक सहज दावणीत टाकतात. जनावराच्या फुफ्फुसाला पाणी सुटतं, धापा टाकत मरतं. खड्ड्यात पुरा नाहीतर जाळा. वेल चांगला असेल तर तो खुशाल घाला, दूध वाढतं.

आता पाला. पावसात रताळ्याचा वेल जिथं जमिनीला टेकतो तिथं पेरापेराला मुळ्या सोडतो, आणि खाल्लेलं असं चाळीस ठिकाणी वाटून टाकतो. आमच्याकडं बायका पंधरा-वीस दिवसांनी वेल नुसता उचलून परत ठेवतात. उलटापालटा करायचा नाही, पानं मोडतात. फक्त उचलायचा, मुळ्या टर्रर्र आवाज करून सुटतात.

पण खरं सांगू का, वेल चांगला असता तरी तुमचं जमलं असतं असं मला वाटत नाही. आमची रानं तांबडी, उताराची. पाऊस कितीही पडला तरी सरीतनं पळून जातो. तरी आमचा वरंबा गुडघ्याला लागतो. तुमचा वीतभर. तेवढ्या वरंब्यात रताळं मावणारच कुठं? चांगल्या रानात आम्ही गुंठ्याला क्विंटलभर माल काढतो. तुमचं सहा गुंठ्यांत दीड पाटी म्हणजे खालीच काहीतरी गडबड आहे.

मातीवाला

गडबड त्या निळसर मातीत आहे, आणि ती तुम्ही न विचारता सांगितलीत हे फार बरं केलंत. मी माती तपासणीचं काम करतो. निम्म्या लोकांना मातीचा रंग विचारला की "काळी" एवढंच सांगतात.

माती पाण्यानं भरली की तिच्यातली हवा बाहेर जाते. उरलेला प्राणवायू मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग काही जिवाणू हवेऐवजी मातीतल्या लोखंडावर आणि गंधकावर श्वास काढतात. लोखंडाचा तांबूस गंज निघून जातो आणि माती निळी-करडी पडते. गंधकाचा वायू सुटतो, त्याला नासक्या अंड्याचा वास. तुमच्या सऱ्या पाण्यात नुसत्या चार दिवस नव्हत्या, वाफ्याच्या पोटात पाणी कितीतरी आठवडे होतं. वरनं दिसलं नाही एवढंच.

रताळ्याच्या मुळीचं रताळं व्हायचं का दोरी, हे लावणीनंतरच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत ठरतं. त्या काळात मुळीला हवा मिळाली नाही तर ती आतनं लाकडासारखी कडक होते, आणि एकदा कडक झालेली मुळी पुढं कितीही ऊन पडलं तरी फुगत नाही. तुमची लावण मृगाची. म्हणजे सहा आठवडे नेमके तरण्या-म्हाताऱ्याच्या तावडीत. वर युरिया. अर्धं पोतं सहा गुंठ्यांत म्हणजे हेक्टरी एकशेसत्तर किलोच्या आसपास नत्र झालं. रताळ्याला पन्नास ते पंच्याहत्तर पुष्कळ. रताळ्याला पालाश लागतं, नत्र जास्त झालं की सगळा जीव पानांत. पाहुण्यांनी कौतुक केलं ते युरियाचं.

आता मुख्य गोष्ट. तीन पिढ्या भात म्हणजे तीन पिढ्या चिखलणी. चिखलणीत मातीची रवाळ घडण मोडते, बारीक गाळ खाली बसतो आणि दरवर्षी नांगर-टिलरच्या खाली एक कडक थर दाबला जातो. भाताला तो थर हवाच असतो, त्याच्याशिवाय पाणी धरत नाही. म्हणजे तुमच्या आजोबांनी कष्टानं जो तळ तयार केला, त्यावरच तुम्ही कंद लावलात.

दोन गोष्टी करून बघा आणि इथं लिहा. एक लोखंडी सळई घेऊन तुकड्यात दहा ठिकाणी दाबा, किती खाली गेल्यावर अडते ते मोजा. आणि हातभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, दुसऱ्या दिवशी किती पाणी उरलं ते बघा.

जात बदलून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून कोकण अश्विनी आणि भू सोना ह्यांच्या गप्पा नंतर मारू.

भट्टीवाला

मातीवाले साहेब, केलं.

सळई विकत आणावी लागली नाही. आमच्याकडं साच्याला व्हेंट, म्हणजे वायू बाहेर जायचं भोक, मारायची सळई असते, तीच पिशवीत घालून गावी नेली. ओढ्याकडच्या अंगाला सात बोटं जाते आणि टण्ण. जणू खाली फरशी आहे. मधल्या सऱ्यांत वीतभर. पण घराकडच्या वरच्या दोन गुंठ्यांत कोपरापर्यंत लोण्यासारखी आत गेली. मी बायकोला हाक मारून दाखवलं तर ती म्हणाली, "मग? चांगली रताळी निघाली ती सगळी ह्याच दोन गुंठ्यांतली की." हे तिनं काढणीच्या दिवशीच बघितलं होतं. मला सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणे तुम्ही विचारलं नाही.

खालच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश पाणी तसंच. वरचा खड्डा कोरडा.

एक गोष्ट डोक्यात बसली. साच्याची वाळू ओली जास्त झाली, किंवा व्हेंट मारायचा राहिला, की ओतलेल्या रसाची वाफ आणि वायू आत कोंडतो. कास्टिंग वरनं चकचकीत, मशिनिंगला टाकलं की आत ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी. अख्खा लॉट रिजेक्ट. माझं पीक तसंच झालं. वर चकचकीत. सतरा वर्षं मी पोरांना शिकवतोय की वाळूला श्वास पाहिजे, आणि स्वतःच्या रानात विसरलो.

मग आता तो थर फोडू का? ट्रॅक्टर जात नाही, पण टिकावानं होईल.

मातीवाला

अजिबात घाई करू नका. थर फोडलात तर त्या जागी भाताला पाणी धरणार नाही, पुन्हा तळ बसायला काही वर्षं जातील. एवढं घरचं भात आहे, ते घालवू नका. खाली फोडण्यापेक्षा वर चढा. गुडघाभर उंच, तीन-साडेतीन फूट रुंद गादीवाफे, आणि दोन वाफ्यांच्या मधला चर थेट ओढ्यात मोकळा. चराचं तोंड बंद असेल तर तो चर नव्हे, ते टाकं.

पण ह्यातही एक मेख आहे. जुलैत ओढाच तुडुंब असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा त्रेचाळीस फुटांवर गेली की वरच्या कुंभी-कासारीचं पाणीही उतरायला वाट बघतं. त्या दिवसांत तुमचा चर पाणी न्यायच्या ऐवजी आणतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. म्हणून पावसाळ्यात मधल्या आणि खालच्या रानाशी भांडूच नका. भात काढा, वाफसा येऊ द्या आणि रताळी तेव्हा लावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीची लावण एकशेवीस दिवसांत, थंडीमुळं थोडी पुढं, महाशिवरात्रीच्या आसपास येते. उपास तेव्हाही असतो.

जाता जाता एक. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत वाघी नावाचं खोरं आहे, तिथं कुक ही दलदल. तिथल्या लोकांनी निदान सात हजार वर्षांपूर्वी दलदलीत मातीचे उंचवटे करून कंद लावले आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लाकडी अवजारांनी चर खणले. २००८ साली युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशात घेतली. टिकाव नसताना त्यांनी चर काढले, तुमच्याकडं तर टिकाव आहे.

आजऱ्याची_लेक

भट्टीवाले दादा, वहिनींना आधी विचारायला शिका, निम्मी शेती तिथंच सुधारेल.

आमची आजी कोकणातली, लग्न होऊन घाटावर आली. तिनं एकाच परड्यात चार कंद केले पण एकही जागा बदलली नाही. तिचं गणित पाणी कुठं थांबतं त्यावर.

मोरीचं पाणी जातं तिथं अळू. अळकुडीला ओल चालते, नव्हे लागतेच. अळवाचा देठ आडवा कापून बघा, आत स्पंजासारखी भोकं दिसतात. त्यातनं हवा पानापासून खाली मुळापर्यंत जाते. म्हणजे तुमच्या भाषेत व्हेंट घेऊनच जन्माला आलेलं पीक. भाताचंही तसंच असतं, म्हणून ते पाण्यात नांदतं. तुमच्या ओढ्याकडच्या कडेला एक ओळ अळकुडीची सहज होईल. मात्र आठवडाभर बुडून राहील अशा खळग्यात नको, आणि काढताना हाताला खोबरेल लावा. शिजवताना आमसूल किंवा चिंच घातल्याशिवाय पोरांना देऊ नका, घसा धरतो.

सुरण तिनं कधी रानात लावलाच नाही. उकिरड्याच्या कडेला, उंच जागी, अक्षय तृतीयेच्या सुमारास गड्डा पुरायची आणि पानं वाळून आडवी पडली की काढायची. आठ-नऊ महिने. सुरणाच्या गड्ड्याला पाणी लागलं की तो आतनं ताकासारखा होतो. तुम्हाला लावायचा तर वरच्या दोन गुंठ्यांत, गजेंद्र जातीचा, तो खाजत नाही फारसा.

हळदीचा मोह मात्र आवरा. मी स्वतः हात पोळून घेतलेत. सखल रानात चार गुंठे हळद केली होती, गादीवाफ्यावरच, पण एका कोपऱ्यात चर बुजला आणि मी आळस केला. तिथली पानं कडेनं पिवळी पडायला लागली. खोड हलकंसं ओढलं तर हातात आलं, बुडाशी पिचपिचीत, घाण वास. कंदकूज. मागोमाग कंदमाशी आली. त्या कोपऱ्यातनं कूज दोन आठवड्यांत अर्ध्या वाफ्यांत गेली, कारण पाणी ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं बुरशी जाते. वरच्या अंगाचे जेठे गड्डे (मातृकंद) तेवढे वाचले. हळद नऊ महिने रानात असते, म्हणजे तिला पावसाळा चुकवता येत नाही. रताळ्याला येतो.

आणि वेल फेकला नाही ना? पाला गुडघाभर म्हणताय, मग शेंड्यांचं बेणं तुमच्याकडंच आहे.

चंदगडी

ताईंचं बरोबर आहे, पण त्या रानात सोंड्या आहे. शेंडे घ्या, बुडखे आणि खाली राहिलेले कंदाचे तुकडे वेचून काढा. आणि ज्या सऱ्यांत कीड जास्त होती तिथं पुन्हा लगेच रताळं नको.

भट्टीवाला

मंडळी, दीड महिना काही लिहिलं नाही. शिफ्ट आणि भातकापणी एकत्र आली.

काय केलं ते सांगतो. वहिनी-वहिनी करून चेष्टा झाली तरी ह्या वेळी आधी बायकोलाच विचारलं. तिनं चार गुंठे ठरवले, वरचे दोन सोडून. तिथं कीड होती, आणि अक्षय तृतीयेला सुरणाला जागा पाहिजे. भात निघाल्यावर शिफ्टमधली दोन पोरं रविवारी आणली, मटणाच्या बोलीवर. चर खणला. तोंड ओढ्यात, गुडघ्याच्या खालपर्यंत खोल. पहिल्या दिवशी त्यातनं तांबडं तेलकट पाणी झिरपलं, चौथ्या दिवशी थांबलं.

वाफसा कसा बघायचा हे बाबांना विचारलं. त्यांनी माती मुठीत दाबली, मूठ उघडली, अंगठ्यानं टिचकी मारली, गोळा दोन तुकड्यांत फुटला. म्हणाले, "झाला." मी बघतच राहिलो. वाळू बरोबर झाली का नाही हे मी रोज सकाळी हेच करून बघतो. मूठ दाबायची, बोटांचे वळ उमटले पाहिजेत आणि मोडल्यावर कड स्वच्छ पाहिजे. बोटांना चिकटली तर पाणी जास्त. हा माणूस माझ्या आधी पन्नास वर्षं तेच करतोय आणि आमचं ह्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

वाफे गुडघाभर, शेंडे दीड वीत. युरियाला हात लावला नाही, चुलीची राख आणि कुजलेलं शेणखत घातलं. एकवीस दिवसांनी भर लावली. परवा एक रोप मुद्दाम उकरून बघितलं, चार मुळ्या करंगळीएवढ्या झाल्यात, वर गुलाबी कातडी धरलीय. परत झाकून टाकलं. मुलगी म्हणाली, वायरिंग वाटत नाही.

आता नवीन भानगड. काल सकाळी चराच्या कडेला रानडुकराचे खूर उमटलेत. एक वाफा हुंगून गेलाय, खाल्लं काही नाही. त्याला बहुतेक महाशिवरात्रीची तारीख माहीत आहे. तुम्ही लोक ह्याचं काय करता?

चंदगडी

दादा, त्याला वेगळा धागा काढा. आमचा अख्खा तालुका येऊन लिहील.